‘घरातल्यांनासुद्धा’ शब्दकोशात का सापडत नाही? मराठी शब्दाची फोड करण्याची पायरीवार रीत

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गातल्या पहिल्याच आठवड्यात आम्हांला वर्तमानपत्राचे एक कात्रण देण्यात आले आणि त्यातले वीस शब्द ‘फोडून आणा’ असे सांगण्यात आले. मराठी माझी घरची भाषा असल्यामुळे हे काम अर्ध्या तासाचे आहे असे मला वाटले होते. दोन संध्याकाळी गेल्या आणि वीसपैकी बारा शब्दांची फोड चुकली. पुढे एका बोलीच्या शब्दसूचीसाठी मी काही हजार शब्द याच रीतीने तपासले, तेव्हा त्या बारा चुका कशामुळे झाल्या होत्या हे नीट कळले. जे आता या अभ्यासाला सुरुवात करत आहेत, किंवा अमराठी माणसाला मराठी शिकवत आहेत, किंवा आपल्या गावच्या शब्दांचा संग्रह करत आहेत, त्यांचा तो वेळ वाचावा म्हणून हा लेख.

आधी एक व्याख्या पक्की करून घेऊ. ज्याचे आणखी तुकडे केले तर अर्थच उरत नाही अशा, अर्थ असलेल्या, लहानात लहान भाषिक घटकाला रूपिम म्हणतात. काही पुस्तकांत त्यालाच पदिम असा शब्द सापडेल. ‘घर’ हा रूपिम आहे, कारण ‘घ’ आणि ‘र’ वेगळे केले तर हातात अर्थ राहत नाही. ‘घरपण’ मात्र दोन रूपिमांचा शब्द आहे. इथे ‘अर्थ’ म्हणजे वस्तूचे नावच असले पाहिजे असे नाही. ‘एकापेक्षा जास्त’, ‘होऊन गेले’, ‘त्या ठिकाणी’ हेही अर्थच आहेत आणि मराठीत ते बहुधा शब्दाच्या शेपटात असतात.

## लागणारे साहित्य

- सलग मजकुराचा एक परिच्छेद. सुटे शब्द घेऊ नका. कारण पहिल्या पायरीत येईल.
- रुंद पानांची वही, किंवा स्तंभ पाडता येतील असा तक्ता.
- एक मोठा शब्दकोश. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात सर्वांसाठी खुली आहे. त्यात लेखन जुन्या पद्धतीचे आहे, म्हणून ‘नाव’ शोधताना ‘नांव’ आणि ‘करणे’ शोधताना ‘करणें’ असे पाहावे लागते.
- मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११). ते सलग वाचण्याचे पुस्तक नव्हे. अडले की सामान्यरूपाचे किंवा धातूचे प्रकरण उघडावे.
- मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम. फोड आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचा संबंध पदोपदी येतो.

## १. शब्द वाक्यासकट उतरवून घ्या

‘बसला’ हा शब्द घ्या. ‘मुलगा ओट्यावर बसला’ या वाक्यात ‘बस’ हा धातू आहे, ‘ल’ हा भूतकाळाचा तुकडा आहे आणि शेवटचा ‘आ’ पुल्लिंगी एकवचन सांगतो. ‘घाटात बसला आग लागली’ या वाक्यात ‘बस’ हे वाहन आहे आणि ‘ला’ हा अखंड विभक्तिप्रत्यय आहे. कागदावर दोन्ही अक्षरे तीच, उच्चारही तोच, पण पहिल्या शब्दात तीन तुकडे आहेत आणि दुसऱ्यात दोन.

दोन्हींतला फरक दाखवणारी एक साधी कसोटी आहे: शब्दाचे लिंग बदलून पाहा. ‘मुलगी बसली’, ‘मूल बसले’ असे होते, म्हणजे त्या ‘ला’मधला ‘आ’ सुटा होऊ शकतो. ‘बसली आग लागली’ असे मात्र कधीच होत नाही, म्हणून वाहनाला लागलेला ‘ला’ फुटत नाही. याच कसोटीने ‘घरातला’मधला ‘ला’ कोणता ते ठरवता येते. ‘घरातली’, ‘घरातले’ होते, म्हणून तिथेही ‘ल’ आणि ‘आ’ वेगळे. ‘घराला’चे ‘घराली’ होत नाही, म्हणून तिथे ‘ला’ अखंड. वाक्य न लिहिता नुसती शब्दांची यादी करणाऱ्याला हे तीन ‘ला’ एकच वाटतात आणि पुढची सगळी मांडणी बिघडते.

## २. शेपटाकडून सोलायला लागा

नवख्या माणसाचा हात आधी शब्दाच्या सुरुवातीकडे जातो. मराठीत तो शेवटाकडे जायला हवा, कारण मराठी शब्दातली बहुतेक भर मागच्या बाजूला पडत जाते. शेवटचा एक तुकडा काढावा, उरलेला भाग ओळखीचा वाटतो का ते पाहावे, आणि मगच पुढचा काढावा. ‘घरातल्यांनासुद्धा’ असा सोलता येतो:

घरातल्यांनासुद्धा → घरातल्यांना → घरातल्यां- → घरातल्या- → घरातला → घरात → घरा- → घर

खाली उतरताना काय काय गळून पडले ते पाहा: ‘सुद्धा’ गेले, ‘ना’ गेला, मग अनुस्वार गेला, मग ‘या’च्या जागी ‘आ’ आला, मग ‘ल’ गेला, ‘त’ गेला, शेवटी ‘आ’ गेला. म्हणजे ‘घर’ धरून आठ तुकडे.

त्यातल्या अनुस्वाराकडे लक्ष द्या. ‘घरापुढे झाड आहे’ आणि ‘घरांपुढे झाडे आहेत’ यांत पहिल्या शब्दाचा एकच घर की अनेक घरे हा फरक एका टिंबावर तोललेला आहे. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा असे १९६२च्या नियमांत सांगितले आहे, ते या टिंबाला अर्थ आहे म्हणूनच. तो गाळणे ही शुद्धलेखनातली किरकोळ चूक मानली जाते. फोडीच्या दृष्टीने तो एक पूर्ण रूपिम गाळण्यासारखे आहे. ‘घरातल्यांना’मध्ये तर अनेकवचन दोनदा सांगितले जाते, एकदा अनुस्वाराने आणि एकदा ‘ला’ऐवजी आलेल्या ‘ना’ने.

## ३. सामान्यरूप ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका

माझ्या बारा चुकांपैकी निम्म्या इथल्या होत्या. मराठी नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे रूप बदलते. त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. ते स्वतंत्रपणे वापरले जात नाही, ते पुढच्या तुकड्याची वाट पाहत असलेले रूप आहे. ‘घर’चे ‘घरा-’, ‘घोडा’चे ‘घोड्या-’, ‘भिंत’चे ‘भिंती-’, ‘माळ’चे ‘माळे-’, ‘भाऊ’चे ‘भावा-’, ‘वासरू’चे ‘वासरा-’, ‘देऊळ’चे ‘देवळा-’.

कोशात शब्द शोधायचा तर सामान्यरूपावरून मूळ रूपाकडे यावे लागते, आणि ही वाट नेहमी सरळ नसते. ‘माशांना’ म्हणजे ‘मासे’ या शब्दाकडे जायचे, ‘माश्यांना’ म्हणजे ‘माश्या’कडे, एका ‘य’ने पाण्यातला जीव हवेतला होतो. ‘मुळाला’ हे ‘मूळ’चे रूप आहे, ‘मुळ्याला’ हे ‘मुळा’चे. ‘फुलाला’ पाहून कोशात ‘फुल’ शोधाल तर तो शब्द ‘फूल’ असा दीर्घ उकाराने दिलेला असतो, कारण ‘फूल’ला मागे भर पडली की उकार ऱ्हस्व होतो. ‘पाऊस’ आणि ‘पावसात’ यांत ‘ऊ’चा ‘व’ होतो.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण ‘ऊन’चे आहे. ‘ऊन’ या शब्दात ‘ह’ कुठेच नाही, पण ‘उन्हात’ म्हणताना तो येतो आणि ‘उन्हाळा’मध्येही येतो. हा ‘ह’ प्रत्ययाचा नव्हे, शब्दाचाच आहे. संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृतात ‘उण्ह’ झाले. आज सुट्या शब्दात तो ‘ह’ लिहिला जात नाही, पण मागे काही लागले की बाहेर पडतो. म्हणून वहीत ‘ऊन’ आणि ‘उन्ह-’ ही एकाच रूपिमाची दोन रूपे अशी नोंद करायची. अशा पर्यायी रूपांना रूपिकांतरे म्हणतात.

सामान्यरूप हे तपासणीचे साधनही आहे. ‘घरापर्यंत’, ‘घरासाठी’, ‘घरामुळे’ यांत सामान्यरूप होते. ‘घरच’, ‘घरही’, ‘घरसुद्धा’ यांत होत नाही. म्हणून ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, ‘देखील’ हा गट निराळा ठेवायचा. तो सगळ्यांत शेवटी लागतो: ‘घरातच’ म्हणता येते, ‘च’ आधी लावून मग ‘त’ लावता येत नाही.

आता एक बारकावा. ‘चा’ हा प्रत्यय सामान्यरूप मागतो असे शिकवले जाते, आणि ‘घराचा पाया’ हे त्याला धरूनच आहे. मग ‘घरचा डबा’ कसा? ‘गावाचा नकाशा’ आहे, आणि ‘गावचा पाटील’ही आहे. दोन्ही रूपे बरोबर आहेत, पण ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘घराचा’ म्हणताना समोर एक इमारत असते. ‘घरचा’ म्हणताना आपलेपणाचे, राहण्या-जेवण्याचे घर असते. एका ‘आ’च्या असण्या-नसण्याने हा फरक पडतो. अशी जोडी भेटली की दोन्ही वाक्ये उतरवून ठेवा.

परभाषेतून आलेले शब्द सामान्यरूपाच्या बाबतीत आपापल्या वयाप्रमाणे वागतात असे मला दिसले आहे. ‘टेबल’ मुरलेला शब्द, म्हणून ‘टेबलावर’. ‘लॅपटॉप’ नवा, म्हणून ‘लॅपटॉपवर’. तेव्हा अशा शब्दात ‘आ’ नाही म्हणून फोड चुकली असे समजू नका.

## ४. कापण्यापूर्वी शेजारी दुसरा शब्द ठेवा

सगळ्या लेखातली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ओळखीची अक्षरे दिसली म्हणजे तुकडा सापडला असे होत नाही. तुकडा खरा ठरण्यासाठी तो दुसऱ्या शब्दांतही त्याच अर्थाने आला पाहिजे, आणि तो काढल्यावर उरलेल्या भागालाही अर्थ असला पाहिजे.

‘शेतकरी’, ‘वारकरी’, ‘माळकरी’, ‘गावकरी’ हे चार शब्द एकाखाली एक लिहा. ‘करी’ काढला की ‘शेत’, ‘वारी’चा ‘वार’, ‘माळ’, ‘गाव’ उरते आणि ‘करी’चा अर्थ सर्वत्र त्या गोष्टीशी बांधलेला माणूस असाच राहतो. आता त्यांच्याखाली ‘भाकरी’ लिहा. अक्षरे तीच, पण ‘भा’ला इथे अर्थ नाही आणि भाकरी माणूस नाही. तिथे कापायचे नाही. तसेच ‘पावसाळा’, ‘उन्हाळा’, ‘हिवाळा’ यांत ‘आळा’ हा ऋतू सांगणारा तुकडा आहे, ‘कंटाळा’मध्ये नाही. ‘बेफिकीर’, ‘बेसुमार’मध्ये ‘बे’ आहे. ‘बेसन’, ‘बेडूक’मध्ये नाही.

संस्कृत शब्दांत हा सापळा अधिक फसवा असतो. ‘अनुभव’, ‘अनुकूल’, ‘अनुवाद’ यांत ‘अनु’ हा उपसर्ग आहे. ती सवय झाली की ‘अनुचित’मध्येही ‘अनु’ दिसू लागतो. पण तो शब्द ‘अन्’ अधिक ‘उचित’ असा आहे. नकाराचा ‘अ’ व्यंजनापूर्वी ‘अ’ राहतो (अयोग्य, अज्ञान) आणि स्वरापूर्वी ‘अन्’ होतो (अनादर, अनेक). त्याच न्यायाने ‘अनुपस्थित’ म्हणजे ‘अन्’, ‘उप’, ‘स्थित’. आणि ‘अनुत्तीर्ण’ म्हणजे ‘अन्’, ‘उत्’, ‘तीर्ण’. यावर उपाय सोपा आहे: नकार काढून शब्द उभा राहतो का पाहा. ‘उपस्थित’ आणि ‘उत्तीर्ण’ रोजच्या वापरातले शब्द आहेत. ‘पस्थित’ आणि ‘त्तीर्ण’ असे काही नाही. संस्कृतातले उपसर्ग बावीसच आहेत. त्यांची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली तर पुष्कळ वेळ वाचतो.

## ५. धातूच्या पोटात पाहा

नामांत भर मागे पडते, पण क्रियापदांत कधीकधी अर्थ शब्दाच्या आतल्या स्वरातच दडलेला असतो. ‘बसणे’चे ‘बसवणे’ होते तेव्हा ‘व’ हा ‘करायला लावणे’ या अर्थाचा तुकडा स्पष्ट दिसतो. ‘शिकणे–शिकवणे’, ‘हसणे–हसवणे’ यांतही तोच. पण ‘पडणे–पाडणे’, ‘मरणे–मारणे’, ‘गळणे–गाळणे’ यांत सुटा काढता येईल असा तुकडाच नाही. ‘अ’चा ‘आ’ झाला एवढाच बदल तो अर्थ वाहतो. ‘तुटणे–तोडणे’ आणि ‘फुटणे–फोडणे’ यांत तर स्वरही बदलतो आणि ‘ट’चा ‘ड’ही होतो. इथे ओढूनताणून कापू नका. ‘धातूतील स्वरबदल’ असे लिहावे आणि जोडी सोबत द्यावी.

‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’, ‘करणे’चा ‘केला’, ‘मरणे’चा ‘मेला’. यांत धातूचे रूप इतके बदलते की कोशात ‘गे’ शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. अशा धातूंची संख्या मोठी नाही. एक लहान तक्ता करून पाठ करून टाकावा.

आणि एक थांबा. ‘फसवणूक’ म्हणजे ‘फस’, ‘व’, ‘णूक’. ‘गुंतवणूक’ म्हणजे ‘गुंत’, ‘व’, ‘णूक’. कारण ‘फसणे’, ‘फसवणे’, ‘गुंतणे’, ‘गुंतवणे’ ही सगळी क्रियापदे आहेत. ‘मिरवणूक’ त्याच साच्यातली दिसते, पण ‘मिरवणे’ आहे आणि ‘मिरणे’ नाही. म्हणून ‘मिरव’ आणि ‘णूक’ इथेच थांबावे.

## ६. तुकडे कोणत्या क्रमाने जोडले गेले ते सांगा

तुकड्यांची माळ लिहिली की फोड संपली असे समजणे ही पुढची चूक. ‘बेजबाबदारपणा’ या शब्दात ‘बे’, ‘जबाब’, ‘दार’, ‘पणा’ असे चार तुकडे आहेत. पण ‘बे’ कशाला लागला? ‘बेजबाब’ला ‘दार’ लागलेला नाही. आधी ‘जबाब’ला ‘दार’ लागून ‘जबाबदार’ झाला, मग त्याचा नकार ‘बेजबाबदार’ झाला, आणि त्या गुणाचे नाव करण्यासाठी ‘पणा’ आला. कंसात मांडायचे तर: ((बे + (जबाब + दार)) + पणा). ‘जबाब’ अरबीतून फारसीमार्गे आलेला, ‘बे’ आणि ‘दार’ फारसी, ‘पणा’ मराठी. आणि तरी बोलताना कुठेही सांधा जाणवत नाही.

‘निनावी’सारख्या शब्दांत क्रम लावता येत नाही. ‘नाव’ला आधी ‘नि’ लागला म्हणावे तर ‘निनाव’ आज चालत नाही, आधी ‘ई’ लागली म्हणावे तर ‘नावी’ असा शब्द नाही. दोन्ही टोकांचे तुकडे एकदमच आलेले दिसतात. तसेच लिहा.

साधारण नियम असा की नवा शब्द घडवणारे तुकडे मुळाजवळ बसतात आणि विभक्ती-वचनाचे तुकडे बाहेर. ‘गुंतवणूकदारांनी’मध्ये ‘व’, ‘णूक’, ‘दार’ आत आहेत, ‘आं’ आणि ‘नी’ बाहेर. गावाच्या नावापुढे येणारा ‘कर’ही आतल्या गटातला आहे, म्हणून तो सामान्यरूपाला लागत नाही: ‘पुण्याला’, पण ‘पुणेकर’. ‘सातारा’चे ‘सातारकर’ आणि ‘गोवा’चे ‘गोवेकर’ होताना शेवटचा ‘आ’ कधी गळतो, कधी ‘ए’ होतो. पेडणेकर, वेंगुर्लेकर, मडगावकर अशा आडनावांवर हा सराव चांगला होतो.

मराठीत मात्र या नियमाला एक वळसा आहे. ‘घरात’ हा विभक्ती लागून बंद झालेला शब्द ‘ला’ लागला की पुन्हा उघडतो, विशेषणासारखा वागतो, आणि त्याला पुन्हा लिंग, वचन, सामान्यरूप, विभक्ती सगळे लागू शकते. ‘घराजवळच्यांना’, ‘निवडणुकीतल्यासारखी’ असे लांब शब्द त्यातूनच तयार होतात.

## ७. समास आणि जोडशब्द

सामासिक शब्द शेपूट काढल्यावरच फोडा; ‘देवघरातल्या’मधून आधी ‘देवघर’पर्यंत या, मग ‘देव’ आणि ‘घर’ करा. ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’ यांत दुसऱ्या भागाचे पहिले अक्षर ‘बि’ होते आणि ‘त्यासारखे आणखी काही’ हा अर्थ येतो. ही मराठीतली जिवंत रीत आहे, तिला अशुद्ध म्हणून वगळू नका.

## ८. वहीत नोंद कशी करावी

प्रत्येक शब्दाला पाच स्तंभ द्या: वाक्य, शब्द, तुकडे, प्रत्येक तुकड्याचे काम, आणि पुरावा म्हणून ठेवलेला दुसरा शब्द. पाचवा स्तंभ रिकामा असेल तर ती फोड कच्ची समजा. तुकड्याचे काम सुट्या, ठरलेल्या शब्दांत लिहा. आज ‘सामान्यरूप’ आणि उद्या ‘जोडस्वर’ असे केले तर शंभर शब्दांनंतर स्वतःचीच वही वाचता येत नाही. काही रूपांना प्रत्ययच नसतो: ‘एक दगड पडला’ आणि ‘दोन दगड पडले’ यांत ‘दगड’ तोच राहतो आणि अनेकवचन क्रियापदावरून कळते. तिथे शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये.

वहीची शेवटची चार पाने न सुटलेल्या शब्दांसाठी राखून ठेवा. माझ्या वहीत तिथे पहिला शब्द ‘आजूबाजूला’ आहे. ‘बाजू’ सापडते, ‘ला’ सापडतो, पण ‘आजू’ दुसऱ्या कोणत्याही शब्दात भेटत नाही. त्याच्यापुढचा पुराव्याचा स्तंभ मी अजून रिकामाच ठेवला आहे.